सुई लावण्याआधी

'लिव्हरमध्ये सिस्ट आहे' एवढं एक वाक्य सोनोग्राफीच्या कागदावर आलं, की घरातली माणसं दोनच प्रश्न विचारतात. कॅन्सर आहे का? आणि सुई घालून पाणी काढून टाकता येईल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं येतं आणि सगळ्यांच्या जिवात जीव येतो. दुसरा प्रश्न मात्र दिसतो तेवढा साधा नाही. यकृतात पाणी साठलेल्या पिशव्या अनेक जातींच्या असतात. एकीला हातही लावायचा नसतो. एकीत सुई घालणं हाच उपचार असतो. एकीत बेसावधपणे सुई घातली, तर रोगी टेबलावरच दगावू शकतो. आणि एक अशी असते, की तिच्यात सुई घालून काहीच साधत नाही. पाणी पुन्हा भरतं, आणि 'आता बरं आहे' या समजुतीत वर्षं निघून जातात. हे प्रकरण मुख्यतः या शेवटच्या पिशवीबद्दल आहे. ती दुर्मीळ आहे, पण तिच्यामुळे इतर सगळ्या पिशव्यांकडे नीट बघावं लागतं.

आधी सगळ्यांत निरुपद्रवी जात. तिला साधी गाठ म्हणू. गर्भात पित्तनलिकांचं जाळं विणलं जात असताना एखादी बारीक नळी मुख्य जाळ्याला जोडलीच जात नाही. तिच्या आतलं अस्तर थोडं थोडं पाणी सोडत राहतं आणि वय वाढेल तशी तिची पिशवी होते. पाश्चात्त्य देशांतल्या स्कॅनच्या पाहण्यांत शंभरातल्या पंधरा-अठरा प्रौढांत अशी निदान एक तरी गाठ सापडली आहे. भिंत कागदासारखी पातळ, आत स्वच्छ पाणी, पडदा नाही, गाळ नाही. बहुतेकांना ती असल्याचा आयुष्यभर पत्ता लागत नाही. लागलाच, तर तो दुसऱ्याच कशासाठी तरी काढलेल्या सोनोग्राफीत लागतो. अशा गाठीला काहीही करायचं नसतं. दरवर्षी पुन्हा सोनोग्राफी काढून तिचे सेंटिमीटर मोजत बसायचीही गरज नसते.

सोनोग्राफीचं यंत्र कोल्हापूर जिल्ह्यात गाजलं ते भलत्याच कारणाने, गर्भलिंगनिदानामुळे. मुलींचं घटलेलं प्रमाण पाहून लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना, २००९-१०च्या सुमारास, इथल्या यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं, प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण बसवलं गेलं आणि देशभर त्याची चर्चा झाली. पण याच यंत्राने आणखी एक काम मुकाट्याने केलं आहे. पोट न उघडता यकृताच्या आत डोकावण्याची सोय त्याने तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांपर्यंत आणली. पूर्वी यकृतातली गाठ कळायची ती बरगडीखाली हाताला लागायला लागली की. आज ती त्याच्या कितीतरी आधी कळते. मात्र आधी कळणं आणि नीट कळणं यांत फरक आहे.

आता याच जिल्ह्यातल्या पेठ वडगावची एक बाई कल्पनेत आणा. वय पंचेचाळीसच्या पुढचं. जेवण झालं की पोटाचा वरचा भाग गच्च वाटतो, दोन घास खाल्ले की पोट भरतं, अधूनमधून उजव्या खांद्याकडे कळ जाते. पित्ताशयात खडे असतील, म्हणून डॉक्टर सोनोग्राफी करायला सांगतात. खडे निघत नाहीत. यकृताच्या डाव्या भागात नऊ-दहा सेंटिमीटरची पाण्याची गाठ निघते आणि तिच्या आत पडदे दिसतात. या भागातला कुठलाही अनुभवी डॉक्टर पहिला प्रश्न विचारील तो असा: घरी कुत्रं आहे का? शेळ्या-मेंढ्या आहेत का?

प्रश्न अगदी योग्य आहे. सेनापती धनाजी जाधवांची समाधी असलेलं हे गाव आज जनावरांच्या बाजारासाठी ओळखलं जातं. याच हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोली आहे. तिथल्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला दूरदूरचे धनगर येतात आणि भंडाऱ्याने सगळं गाव पिवळं होतं. जिथे मेंढरं, त्यांची राखण करणारी कुत्री आणि उघड्यावर टाकलेली कत्तलीतली आतडी-काळजं एकत्र येतात, तिथे हायडॅटिड नावाच्या रोगाला हवं ते सगळं मिळतं.

हा रोग 'इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस' या पट्टकृमीचा. मोठा झालेला कृमी जेमतेम काही मिलिमीटरचा असतो आणि कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, मातीत, भाजीवर आणि कुत्र्याच्या केसांवर येतात. मेंढी चरताना ती गिळते. तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ होते. ती मेंढी कापल्यावर तो भाग कुत्र्याला टाकला, की चक्र पूर्ण होतं. माणूस या चक्रात चुकून शिरतो. न धुतलेल्या हातातून, न धुतलेल्या भाजीतून अंडं पोटात जातं, आतड्यातून रक्तात शिरतं आणि आतड्यातलं सगळं रक्त ज्या अवयवातून गाळून पुढे जातं, त्या यकृतात अडकतं. म्हणून माणसातल्या दर दहा हायडॅटिड गाठींपैकी साधारण सात यकृतातच सापडतात. मटण खाल्ल्याने हा रोग होतो, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खोटा आहे. मेंढीच्या काळजातली गाठ माणसाच्या पोटात गेली तरी त्यातून हायडॅटिड होत नाही. ती कुत्र्याच्या पोटात गेली तरच पुढचं सगळं घडतं. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा इथे निर्दोष आहे. दोष आहे तो खाटकाच्या दुकानामागे कुत्र्यांपुढे फेकल्या जाणाऱ्या तुकड्यांचा.

आइसलँडमध्ये हा रोग एके काळी इतका माजला होता, की हारल्ड क्राब्बे हा डॅनिश संशोधक १८६३ मध्ये त्याचा अभ्यास करायला मुद्दाम तिथे गेला. त्यानंतर घराघरांत माहितीची पुस्तिका वाटली गेली, १८६९ मध्ये कुत्र्यांबाबत कायदा झाला आणि पुढच्या काही दशकांत त्या बेटावरून हायडॅटिड हद्दपार झाला. रोग्यांसाठी औषध नव्हतं, स्कॅन नव्हतं. लोक वाचत होते आणि कुत्र्याला काळीज टाकायचं थांबले, मुख्यतः एवढ्यावर काम झालं. आपल्याला हे अजून जमलेलं नाही. ते खरं तर दवाखान्याचं काम नव्हेच; ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांचं आहे.

तर वडगावच्या डॉक्टरांना हायडॅटिडचा संशय येणं स्वाभाविक आहे. आणि अडचण इथेच सुरू होते. हायडॅटिडच्या मोठ्या गाठीच्या पोटात लहान गाठी तयार होतात. त्या एकमेकींना चिकटून बसल्या, की सोनोग्राफीत त्यांच्या भिंती पडद्यांसारख्या दिसतात. ज्या दुर्मीळ गाठीबद्दल हे प्रकरण आहे, तिच्यातही पडदे असतात. पडद्यांमध्ये अडकलेलं पाणी दोन्हींत दिसतं. म्हणूनच भारतातल्या सर्जनांनी लिहिलेल्या रुग्णकथांत 'हायडॅटिड समजून ऑपरेशन केलं आणि निघाली ही' असा मजकूर वारंवार भेटतो.

या दुर्मीळ गाठीचं आजचं वैद्यकीय नाव 'म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम'. म्हणजे आतून चिकट स्राव सोडणारी, पिशवीच्या रूपात वाढणारी नवी वाढ. जुन्या पुस्तकांत ती 'बिलिअरी सिस्टॅडिनोमा' या नावाने सापडते आणि पुष्कळ डॉक्टर आजही तेच नाव घेतात. ह्यूटर या जर्मन डॉक्टराने १८८७ मध्ये तिचं वर्णन केलं असं मानतात. पाचच वर्षांनी, १८९२ मध्ये, फिलाडेल्फियाच्या विल्यम कीन यांनी एका तरुण स्त्रीच्या यकृतातून अशी गाठ कापून काढली. यकृताला हात लावायला सर्जन धजत नसत, तो हा काळ. कापलं की रक्त थांबत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. (हेच कीन पुढल्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या तोंडातली गाठ काढायला, कुणाला कळू नये म्हणून एका बोटीवर केलेल्या ऑपरेशनमध्ये सामील होते. धाडसी माणूस.)

ही गाठ किती दुर्मीळ? यकृतातल्या सगळ्या पाणीदार गाठींत तिचा वाटा पाच टक्क्यांहून कमी सांगतात. डॉक्टरांना जास्त कोड्यात टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ती जवळजवळ फक्त स्त्रियांना होते, तीही बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीत. यकृत पुरुषाला असतं आणि स्त्रीलाही असतं. मग हा भेद कशामुळे? १९८५ मध्ये व्हीलर आणि एडमंडसन या दोघांनी अशा १७ गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासल्या. गाठीच्या आतल्या अस्तराखाली पेशींचा एक दाट, गर्दीचा थर होता आणि तो हुबेहूब अंडाशयातल्या ऊतीसारखा दिसत होता. पुढे त्या थरात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्रीसंप्रेरकांना प्रतिसाद देणारे ग्राहकही सापडले. यकृताच्या आत अंडाशयाचा तुकडा!

याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण गर्भावस्थेत जातं. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत, पुढे ज्यांतून अंडाशय किंवा वृषण घडणार, ते अवयव ओटीपोटात नसतात. ते वर, छातीच्या पडद्याखाली, वाढत्या यकृताच्या आणि स्वादुपिंडाच्या शेजारी असतात आणि नंतर खाली सरकतात. त्या शेजारपणात काही पेशी चुकून यकृतात राहून जात असाव्यात आणि पुढे संप्रेरकांच्या प्रभावाखाली चाळीस वर्षांनी डोकं वर काढत असाव्यात. असंच नाव असलेली, अशाच थराची गाठ स्वादुपिंडाच्या शेपटीकडच्या भागातही होते, तीही मुख्यतः स्त्रियांनाच. त्यामुळे या तर्काला बळ मिळतं. तो शंभर टक्के सिद्ध झालेला नाही, पण आजवर याहून चांगला तर्क कुणी मांडलेला नाही. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गाठींच्या वर्गीकरणात हा अंडाशयी थर हीच या गाठीची ओळख ठरवली. तो थर नसेल, आणि गाठ पित्तनलिकेशी जोडलेली असेल, आत कोंबाच्या आकाराच्या वाढी असतील, तर ती वेगळी जात. तिचं नावही वेगळं आणि तिचा धोकाही अधिक.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की गाठीची खरी ओळख तिच्या पाण्यात नाही, भिंतीत आहे. सुई भिंतीला भोक पाडते आणि पाणी घेऊन येते. मग त्या पाण्याची तपासणी होते. त्यात बहुधा पेशीच नसतात, असल्या तरी मोजक्या. काही ठिकाणी त्या पाण्यात 'सीए १९-९' हे द्रव्य मोजलं जातं आणि ते भरमसाट वाढलेलं पाहून घरात हलकल्लोळ उडतो. पण साध्या गाठीचं अस्तरही पित्तनलिकेचंच असतं आणि तेही हे द्रव्य सोडतं. त्यामुळे साध्या गाठीतही हा आकडा प्रचंड येऊ शकतो. या आकड्यावरून निदान करू नये, असंच आज यकृततज्ज्ञांचं मत आहे. वडगावच्या आपल्या बाईच्या पोटात कुणी सुई घातली असती, तर स्वच्छ किंवा किंचित तपकिरी पाणी निघालं असतं, रिपोर्टवर 'कॅन्सरच्या पेशी नाहीत' असं आलं असतं, पोट हलकं वाटलं असतं आणि सगळे घरी गेले असते. गाठीची भिंत जागेवरच राहिली असती. काही महिन्यांनी पोट पुन्हा गच्च झालं असतं.

मग सुई न घालता ओळखायचं कसं? इथे एक गोष्ट बऱ्याच वाचकांना नवी वाटेल. पडदे पाहायचे असतील तर महागड्या सीटी स्कॅनपेक्षा साधी सोनोग्राफी पुष्कळदा सरस ठरते. सीटीत पाणी आणि पातळ पडदा एकमेकांत मिसळून जातात. सोनोग्राफीत पडदा स्पष्ट रेघेसारखा उमटतो. सीटी आणि एमआरआय यांचं काम वेगळं आहे. शिरेतून औषध सोडल्यावर भिंतीत किंवा पडद्यात रक्तपुरवठा दिसतो का, भिंतीवर मांसल गाठोळी आहे का, पित्तनलिका दबून मागे फुगल्या आहेत का, आणि गाठ यकृताच्या कोणत्या मोठ्या रक्तवाहिनीला टेकली आहे, हे त्यांतून कळतं. शेवटचा मुद्दा सर्जनला सगळ्यांत महत्त्वाचा असतो.

युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये यकृतातल्या पाणीदार गाठींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत संशय घ्यायच्या खुणांचे दोन गट केले आहेत. जाड पडदे आणि भिंतीवरची गाठोळी या मोठ्या खुणा. पातळ पडदे, आत झालेला रक्तस्राव, मागच्या बाजूने फुगलेल्या पित्तनलिका, आजूबाजूच्या यकृतात रक्तपुरवठ्याचा बदल आणि यकृतात तीनपेक्षा कमी इतर गाठी असणं या लहान खुणा. मोठी एक आणि लहान एक अशी जोडी जमली, की संशय गंभीर धरायचा. शेवटची खूण मला विशेष आवडते, कारण ती साध्या व्यवहारज्ञानाची आहे. ज्याच्या यकृतात साध्या गाठींची भाऊगर्दी आहे, त्यातली थोडी वेगळी दिसणारी गाठही बहुधा साधीच असते. एकटी, मोठी, डाव्या भागात बसलेली, आत पडदे असलेली गाठ, आणि तीही मध्यमवयीन स्त्रीच्या यकृतात, ही मात्र संशयाची.

हायडॅटिड वगळण्यासाठी रक्ताची एलायझा तपासणी होते. ती सकारात्मक आली तर निर्णय सोपा होतो. नकारात्मक आली म्हणून हायडॅटिड नाही असं ठामपणे म्हणता येत नाही, कारण काही जिवंत गाठी रक्तात खूण सोडत नाहीत. इथे पुन्हा सोनोग्राफीच धावून येते. घार्बी यांनी १९८१ मध्ये सोनोग्राफीवरून हायडॅटिडचे प्रकार पाडले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने ते सुधारून पाच टप्पे केले. दुहेरी रेघ असलेली भिंत, आत सुटून तरंगणारं अस्तर, गाठीत गाठी, आणि शेवटी चुन्यासारखी कडक झालेली मेलेली गाठ. एवढं दिसलं, की ही गाठ कृमीची, असं अनुभवी रेडिओलॉजिस्ट सांगू शकतो.

हायडॅटिडमध्ये सुईचा इतिहास मोठा नाट्यमय आहे. अनेक दशकं ती सक्त मना होती. गाठीतलं पाणी पोटात सांडलं, तर शरीराची तीव्र ॲलर्जी होऊन रक्तदाब कोसळू शकतो आणि सांडलेल्या प्रत्येक थेंबातून नवी गाठ उगवू शकते. १९८०च्या दशकात ट्युनिशियातल्या डॉक्टरांनी हा दंडक मोडला. अल्बेंडॅझोलच्या गोळ्यांचं संरक्षण देऊन, सोनोग्राफीत बघत, यकृताच्या निरोगी भागातून सुई आत न्यायची. पाणी ओढायचं, कृमी मारणारं तीव्र मिठाचं पाणी किंवा अल्कोहोल आत सोडायचं, थोडा वेळ थांबायचं आणि तेही परत ओढून घ्यायचं. या चार पायऱ्यांवरून या पद्धतीला 'पेअर' म्हणतात. ठरावीक टप्प्यातल्या गाठींना ती आज मान्य आहे. आमांशाच्या जंतूमुळे यकृतात होणारा गळू ही तर आपल्याकडची आणखी सामान्य गोष्ट. ताप, बरगडीखाली ठणका आणि चॉकलेटी रंगाचा पू. तिथे मेट्रोनिडॅझोल चालतं, आणि गळू मोठा असेल किंवा फुटण्याच्या बेतात असेल, तर सुई जीव वाचवते. म्हणजे सुई वाईट नाही. निदान न करता घातलेली सुई वाईट.

आपल्या दुर्मीळ गाठीला उपचार एकच: ती भिंतीसकट, पूर्ण काढणं. साधी गाठ मोठी होऊन त्रास देऊ लागली, तर तिचं छत कापून तिला पोटाच्या पोकळीत उघडं करून ठेवतात. हे दुर्बिणीतून होतं आणि रोगी लवकर घरी जातो. हीच युक्ती म्युसिनस गाठीला लावली, तर उरलेलं अस्तर पुन्हा चिकट पाणी सोडायला लागतं आणि गाठ परत भरते. अपुऱ्या ऑपरेशननंतर बहुसंख्य रुग्णांत ती परतल्याचं अनेक रुग्णालयांनी नोंदवलं आहे. दुसरी काळजी कर्करोगाची. ही गाठ सुरुवातीला सौम्य असते, पण काहींच्यात तिच्या अस्तरातून कर्करोग उगवतो. व्हीलर-एडमंडसन यांच्या १७ गाठींपैकी चारांत असा बदल दिसला होता. जुन्या मालिकांतले आकडे मोठे होते, कारण त्यांत वेगवेगळ्या जातींच्या गाठी एकत्र मोजल्या गेल्या होत्या. २०१०ची व्याख्या लावल्यावर प्रमाण बरंच खाली आलं आहे. पण शून्य झालेलं नाही, आणि कोणती गाठ बिघडणार हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून ती काढायची.

यकृत कापायचं म्हणजे काय, हे समजायला दोन नावं पुरेशी आहेत. ग्लासगोचे जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये सांगितलं, की यकृताकडे रक्त नेणाऱ्या दोन्ही वाहिन्या एकाच दोरीसारख्या घडीतून जातात. ती बोटांनी किंवा चिमट्याने दाबून धरली, की रक्तस्राव आवरतो. आजही ऑपरेशनमध्ये ही 'प्रिंगल युक्ती' वापरतात. पंधरा मिनिटं दाबायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा दाबायचं. फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये दाखवलं, की बाहेरून अखंड दिसणारं यकृत आतून आठ खंडांचं असतं. प्रत्येक खंडाला स्वतःची रक्तवाहिनी, स्वतःची पित्तनलिका. आठ खोल्यांच्या चाळीत प्रत्येक खोलीला स्वतंत्र नळ आणि मोरी असावी, तसं. एक खोली पाडली तरी बाकीच्यांचं पाणी तुटत नाही. या ज्ञानामुळे सर्जन आज खंडाच्या हद्दीने कापतो.

म्युसिनस गाठ डाव्या भागात, विशेषतः चौथ्या खंडात जास्त सापडते. हा खंड यकृताच्या दारालाच, म्हणजे जिथून मुख्य पित्तनलिका आणि रक्तवाहिन्या आत शिरतात तिथेच असतो. त्यामुळे ऑपरेशन आखताना आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. गाठीच्या भिंतीच्या बाहेरून, यकृतापासून सोलून ती अख्खी काढता येईल, की गाठीसकट अर्धं यकृत काढावं लागेल? भिंतीवर गाठोळी असतील, कर्करोगाचा संशय असेल, तर भोवतीच्या यकृतासह काढणं सुरक्षित. संशय कमी असेल आणि गाठ मोठ्या वाहिनीला टेकलेली असेल, तर काळजीपूर्वक सोलून काढणंही चालतं. अट एकच, भिंतीचा तुकडाही मागे राहता कामा नये. निरोगी माणसाचं पंचवीस-तीस टक्के यकृत शिल्लक राहिलं तरी निभतं. कापलेला खंड पुन्हा उगवत नाही, पण उरलेलं यकृत काही आठवड्यांत-महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्वीच्या आकारमानाला येतं.

अशा ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञाचं श्रेय नेहमी मागे राहतं, म्हणून इथे मुद्दाम सांगतो. यकृतातून हृदयाकडे जाणाऱ्या शिरांमधला दाब भूलतज्ज्ञ सलाइन हात आखडून देऊन मुद्दाम कमी ठेवतो. दाब कमी, म्हणून कापलेल्या पृष्ठभागातून झिरपणारं रक्त कमी. सर्जनच्या हाताइतकीच ही शिस्त रक्ताच्या बाटल्या वाचवते. शेवटी कापलेल्या भागावर पित्त कुठे गळतं का, हे तपासायचं. पित्त गळणं ही या ऑपरेशननंतरची नेहमीची कटकट, आणि ती कधी कधी नळी ठेवून आठवडाभर सोसावी लागते.

काही वेळा ऑपरेशन चालू असतानाच भिंतीचा तुकडा गोठवून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात आणि थोड्याच वेळात उत्तर येतं. उपयोगी आहे, पण यावर सगळं सोपवू नये. अस्तर जागोजागी झडलेलं असतं, अंडाशयी थर सलग नसतो. नेमका तुकडा निवडला नाही, तर उत्तर 'साधी गाठ' असं येतं. संपूर्ण गाठ पॅराफिनमध्ये घेऊन जागोजागचे काप पाहिल्यावर जे कळतं, तेच खरं निदान.

मुलांच्या यकृतातल्या पाणीदार गाठींचा इथे फक्त उल्लेख करतो, कारण त्यांची दुनियाच वेगळी आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळांत होणारा मेसेंकायमल हॅमार्टोमा बहुधा सौम्य असतो. सहा-दहा वर्षांच्या मुलांतला एम्ब्रायोनल सार्कोमा मात्र फसवा. सीटीत तो पाण्याची पिशवी वाटतो आणि सोनोग्राफीत भरीव दिसतो. दोन तपासण्या एकमेकींशी भांडायला लागल्या, की तिथे कर्करोगतज्ज्ञाकडेच जावं.

पेठ वडगावहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आहे. तिथे सीपीआर रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. पूर्वेला मिरज. तिथे विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयापासून शस्त्रक्रियेची परंपरा आहे, आणि कोल्हापूर-बेळगावकडचे रुग्ण पिढ्यान्पिढ्या तिथे जात आले आहेत. गाठ शोधणं गावात होऊ शकतं. अर्धं यकृत काढायचं ऑपरेशन मात्र यकृताची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच व्हावं, मग त्यासाठी पुणं-मुंबई गाठावी लागली तरी चालेल. ही गाठ सावकाश वाढते. एखाद्या आठवड्याने काही बिघडत नाही. घाईने अर्धवट केलेलं पहिलं ऑपरेशन मात्र दुसरं अवघड करून ठेवतं, कारण तोवर सगळं चिकटून बसलेलं असतं. खर्चाचा प्रश्न असेल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारून घ्यावं.

आपल्या घरात कुणाच्या यकृतात गाठ निघाली, तर सोनोग्राफी-सीटीच्या नुसत्या कागदावर समाधान मानू नका. चित्रांची सीडीही मागून घ्या, कारण दुसऱ्या डॉक्टरला मत द्यायला चित्रं लागतात. आत पडदे आहेत असं लिहिलेलं असेल, तर सुई लावण्याआधी 'हायडॅटिड नाही आणि म्युसिनस गाठ नाही, हे कशावरून ठरवलं?' असं सरळ विचारा. ऑपरेशन झालंच, तर काढलेली भिंत तपासायला गेली की नाही, याची खात्री करा. बऱ्याच ठिकाणी 'साधीच तर होती' म्हणून ती पाठवलीच जात नाही. तो हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट जन्मदाखल्याइतका जपून ठेवा आणि पॅराफिनचा ब्लॉक कुठल्या प्रयोगशाळेत आहे, हे त्याच कागदावर लिहून ठेवा. पाच वर्षांनी गाठ पुन्हा दिसली, तर नवा डॉक्टर सगळ्यांत आधी तोच मागेल.